शीग

पोतं तिनं ओळखलं ते दोऱ्यावरून.
मच्छरदाणीचा निळा दोरा,
तिसऱ्या टाक्याशी गाठ,
तिथंच सुई बोटात गेली होती.

झिंदरच्या बाजारामागं, अल्हाजी सालिसूच्या गोदामात,
थप्पीत खालून दुसरं.
वर कुठल्याशा देशातल्या तांदळाचं नाव छापलेलं.
देलूला ते वाचता येत नाही,
पोतं तिच्याहून जास्त जग हिंडलंय
एवढं तिला ठाऊक आहे.

ऑक्टोबरात तिनंच विकलं होतं.
हारूनाला लिबियाच्या ट्रकवर बसायला भाडं हवं होतं,
पोराला हिवतापाची इंजेक्शनं,
आणि त्याच आठवड्यात साऱ्या गावाला
काही ना काही हवं होतं
म्हणून बाजरी स्वस्त होती.
तिकडं मापाला तिया म्हणतात.
चारशे फ्रँकला एक तिया,
आणि वर शीग.
शीग द्यायचीच असते विकणारीनं,
नाहीतर लोक म्हणतात, हात आखडला.

आता जुलै.
शेत गुडघाभर हिरवं,
बघणाऱ्याला वाटावं इथं काय कमी आहे.
कणगीचा तळ दिसतो तो याच दिवसांत.
फोटोत हिरवंच येतं.

तिया नऊशेला.
सालिसू कडेवरून तळहात फिरवतो,
शीग परत पोत्यात.
राक्षस नाही तो. फोन पुढं करून दाखवतो:
कानोचा आजचा भाव,
बंद झालेली सीमा, डिझेल,
नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचे दोन हजार,
आणि कुठल्या तरी समुद्रात अडकलेली गव्हाची जहाजं.
ज्यांनी गहू कधी चाखला नाही
त्यांच्या बाजरीवरही त्या जहाजांची सावली पडते म्हणे.
"मी काय करू, देलू?"
"त्या पोत्यातली दे. निळ्या दोऱ्याच्या."
तो हसतो. बाजरी ती बाजरी.
"दे. तिला ओळखते मी."

अर्धी तिया घेऊन ती घरी आली
तेव्हा झाडाला दावं होतं, शेळी नव्हती.
कालच विकली, अर्ध्या किमतीत.
या महिन्यात सगळेच शेळ्या विकतात.

थोरली शामसिया शाळेच्या वेळेला वारुळं खणते.
मुंग्यांनी वेचून भुईत ठेवलेले दाणे
कोपरापर्यंत हात घालून काढते,
सुपात मातीसकट पाखडते,
सुजलेली बोटं पाठीमागं धरून सांगते, आज दोन मुठी.
भागाकार येतो तिला.
नऊशे भागिले चारशे, बाकी उरते शंभर.
बाकी कुणाकडं जाते
तो धडा बहुतेक पुढच्या इयत्तेत होता.

धाकटा अजूजी. नावाचा अर्थ उकिरडा.
आधीची दोन राहिली नाहीत,
मग याला असं नाव ठेवलं
की मरणानं नाक मुरडून पुढं जावं.
आपल्याकडं दगडू असतो, धोंडू असतो,
तसंच.

दवाखान्यातल्या बाईनं
त्याच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली.
पिवळ्यावर थांबली.
शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं
या महिन्यात फक्त लालवाल्यांना,
वरून कमी आलीत, ती म्हणाली,
आणि खाली बघत राहिली.
परतीच्या सात किलोमीटरांत
देवाकडं नेमकं काय मागावं
ते देलूला ठरवता आलं नाही.

संध्याकाळी चूल पेटायला वेळ असतो.
अंझाची कडू फळं अजून चौथ्याच पाण्यात आहेत,
सातव्याशिवाय खाता येत नाहीत.
तोवर अजूजी अंगणात दुकान मांडतो.
घरची रिकामी तिया, पुढ्यात वाळू.
"या, घ्या, चारशे, चारशे!"
त्याला अजून ऑक्टोबरचाच भाव माहीत.
शामसिया पानांच्या नोटा मोजून देते.
तो ओंजळीनं वाळू ओततो,
कडेपर्यंत,
कडेच्या वर,
टोक येतं, घसरतं, पुन्हा ओततो,
जीभ बाहेर काढून, श्वास धरून,
आणि हात फिरवत नाही.