तुरट

आंबोच्या वरच्या उतारावर, जिथे निवडुंगसुद्धा
परवानगी मागून उगवतो,
माझी आई एउसेबिया कुदळ मारते
आणि मापातोचं मूळ वर येतं,
सालीखाली लाल,
खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

शेजारच्या झुडपांच्या मुळांना तोंड लावून
ते चोरून पितं, असं दवाखान्यातल्या पुस्तकात आहे.
आई म्हणते, चोरतं कसलं, उसनं घेतं.
इथे पाणी कुणाच्या बापाचं आहे?

पाचव्या बाळंतपणापासून तिच्या हिरड्या सुजलेल्या.
उकडलेलं कणीस चावलं की दाण्यांवर रक्त.
ओळखपत्राच्या फोटोतही ओठ मिटलेले.

मग शहरातून यानिना आली,
पांढरा कोट, गारठलेली बोटं,
अठ्ठेचाळीस बायका, अठ्ठेचाळीस बाटल्या.
अर्ध्यांत मुळाचा अर्क, अर्ध्यांत नुसता रंग;
कुणाच्यात काय, मलाही ठाऊक नाही, म्हणाली.
सकाळी एक चूळ, रात्री एक,
तीस मोजायचे, गिळायचं नाही.

आईने पहिली चूळ भरली.
पाचापर्यंत मोजलं आणि थुंकली.
"हे तुरट नाही."

मी म्हटलं, सांग त्यांना.
तर म्हणे, पोरगी चार तास
बटाट्यांच्या पोत्यांवर बसून आलीय.
तोंडातून ब्र काढला नाही तिने.
बाटली परसात रिकामी केली
(कोंबड्या आल्या, चोच लावून निघून गेल्या)
आणि आपलं मूळ ठेचून, उकळून, गाळून
त्याच बाटलीत भरलं,
वरचा एकतीस आकडा पुसू नये म्हणून
फडक्यात धरून.

सहा आठवडे.
गाल आतून कुणी टाके घालून आवळावेत, तसं तोंड.
दारापुढच्या दगडावर लाल थुंकी:
यात रक्त किती, मूळ किती
आधी कळेना.
पुढे पुढे सगळं मूळच.

यानिनाने आरसा घातला,
हिरडी दाबली. परत दाबली.
मग मोहोरबंद पाकिटं फोडली.
एकतीस: नुसता रंग.
तिने वहीवर पेन टेकवलं, उचललं,
पुन्हा टेकवलं.
मी बुटांच्या नाड्या बांधत बसलो, बांधलेल्याच.
आई मात्र हसत होती, चांगलं तोंड उघडून;
समोरचे दोन नाहीत,
बाकीचे घट्ट.

काल उतारावर गेलो तर व्यापाऱ्याची माणसं
आधीच येऊन गेलेली.
किलोवर नेतात ते.
जिकडेतिकडे खड्डे,
दात उपटल्यावर राहतात तसे,
आणि जीभ पुन्हा पुन्हा खळगीतच जाते
तशी आईची कुदळ काठाकाठाने चाचपत राहिली.

दुपार कलल्यावर एक झुडूप सापडलं.
तिने निम्मं मूळ घेतलं,
निम्म्यावर माती लोटली, पायाने दाबली,
आणि बराच वेळ तिथेच उकिडवी बसली.

मग म्हणाली, यानिनाला हे दाखवायला आणायचं.
खरं तेही सांगायचं.
पण आधी ती बाटली नीट धुऊन ठेव,
परत करायची आहे.