कातरण

रास अल खैमा, रात्रीचे दोन.
खोरीच्या या काठावर मी;
दोन किलोमीटर पलीकडे सुलैम
पांढरा बोर्ड धरून.

आधी झाकण लावून किरण कापायचो.
हवा तो आकार मिळे,
उरलेला उजेड पत्र्यावर तापून वाया.
शिवणयंत्रावरून अण्णा ओरडले असते,
"कातरण केवढी काढलीस!"

आता प्रकाशाला फक्त उशीर करतो,
इथे जरासा, तिथे त्याहून कमी.
कापत काहीच नाही.
तो आपणच दुमडतो:
मधे पोकळ, कडेला वर्तुळ.

हवेत मीठ, दमट धूळ.
वर्तुळ थरथरतं, फुटतं, पुन्हा जुळतं.

"आ गया," सुलैम फोनवर, "थाळीएवढं."
मोजपट्टी लावतोय म्हणे.
बोर्डवर त्याच्या बोटांची सावली पडली असणार.
इथून मला
काळं पाणीच दिसतं.