लाभ

कोपरखैरण्याला, सेक्टर पंधराच्या समाजमंदिरात
शनिवारी चार वाजता आम्ही जमतो.
शेजारी पिठाची गिरणी आहे.
ती सुरू झाली की ऋजुता मॅडम हातातलं कार्ड खाली ठेवतात
आणि आम्ही सगळे, ज्यांना तसंही बोलता येत नाही,
गिरणी थांबायची वाट बघतो.

मी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं.
आता कार्डावर किल्ली असते
आणि मी म्हणते, ती.
ती, दाराची. ती, फिरवायची.
ती, जी नेमकी सापडत नाही.
जवळ आलात, मॅडम म्हणतात.
सर्वनामं ढीगभर उरलीत माझ्याकडे,
क्रियापदं पुरतील इतकी.
नामं गेली.

लग्नातला उखाणा मात्र अजून येतो,
चांदीच्या वाटीपासून सगळा, न अडखळता,
आणि शेवटी जिथे नाव घ्यायचं
तिथे मी थांबते.
हे समोर मान पुढे काढून बसलेले,
बहात्तराव्या वर्षी नवरदेवासारखे.
माझी आई आयुष्यभर ‘अहो’वर निभावून गेली.
मीही निभावतेय.
हे सगळं त्यांनीच उतरवून घेतलंय.
मी बोटाने जागा दाखवते, ते शब्द विचारत जातात,
हा? हा? मग हा?
रिकाम्या जागा भरा, गुण पाच.

दिवाळे कोळीवाड्याच्या चांगुणाबायकडे
फक्त शिव्या राहिल्यात.
तीन. त्यातली एक आईवरून.
पापलेटचं कार्ड दाखवलं की ती पापलेटला शिवी घालते,
अशा सुरात, की मासा कालचा आहे हे कळावं.
सून पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसायची.
आता खुर्ची पुढे ओढून
अर्थ सांगते.

आणि ढेबे.
कांदा-बटाटा मार्केटात चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिली,
आता त्यांची खुर्ची उंबऱ्यावरून
दोघे जण उचलून आत घेतात.
उजवा हात मांडीवर, भिजल्या गोणपाटासारखा.
आठ महिने एकच शब्द: तेच.
चहा घेणार? तेच.
नाव काय तुमचं? तेच.
मॅडम त्यांच्या डाव्या तळहातावर ठेका धरून म्हणायच्या,
एक, म्हणा, ए…
ओठ उघडायचे
आणि तसेच राहायचे.

मग दिवाळीनंतर शालनवहिनींनी
मेढ्याकडचा नवा तांदूळ आणला, मॅडमना द्यायला.
नको नको म्हणेपर्यंत
पिशवीचं तोंड उघडून त्यांनी मापटं उपडं केलंसुद्धा.

लाभ.

कोण बोललं ते आधी कळलंच नाही.
वहिनी वळल्या नाहीत.
त्यांनी दुसरं मापटं भरलं, हात थरथरत होता,
थोडा तांदूळ फरशीवर सांडला.
दोन.
तीन.
आवाज बाजारातला, खणखणीत,
ट्रकच्या फाळक्यापाशी उभं राहून दिल्यासारखा.
नऊला तांदूळ संपला.
वहिनींनी मॅडमची पिशवी उचलली,
सगळा तांदूळ परत आपल्या पोत्यात ओतला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.
चांगुणाबायने शिवी हासडली, अगदी हळू.
तिसऱ्या वेळी माझ्या तोंडूनही निघालं:
लाभ.
भाववाचक नाम, मी मनात म्हटलं,
पुल्लिंगी, एकवचनी,
आणि मग मला चष्मा काढावा लागला.

‘एक’ त्यांना अजून येत नाही.
असं होतं, मॅडम म्हणतात, वाट वेगळी असते डोक्यात.
पुढच्या शनिवारी किल्ली पुन्हा ‘ती’च होती,
चहा पुन्हा ‘तेच’.
फक्त ढेब्यांची खुर्ची हल्ली आत नेत नाहीत,
दाराशीच असते.
येईल त्या माणसाला ते मोजतात.
पहिला येईल तो लाभ,
मग दोन, मग तीन.

मागच्या खेपेला मी पाचवी होते.
हल्ली तीनलाच चपला घालून उभी राहते दारात,
आणि ह्यांची
ती
सापडत नाही.