बोळ

पटाशी सटकली लाकडाच्या गाठीवरून
ती थेट डाव्या अंगठ्याच्या मुळाशी.
रक्त आधी सागाच्या भुश्यावर पडलं,
मग चपलेवर.
सवयीनं मान खाली गेली, पाला शोधायला.

आमच्याकडे गडग्याच्या कडेला,
एसटीच्या थांब्यामागेसुद्धा
दगडीपाला माजलेला असतो, कुत्रं विचारत नाही त्याला.
चार पानं तळहातावर चुरडून पिळली
की तोंडातली शिवी संपेपर्यंत
रक्त थांबतं.

इथं अजमानच्या धक्क्यावर
वाळू, डिझेल, फायबरचा भुगा.
हिरवी एक नायलॉनची जाळी तेवढी.
औषधाच्या पेटीत मुदत संपलेली पट्टी
आणि कुणाचंतरी सिमकार्ड.

मीर दोस्त, आमचा बलुची राखणदार,
काही न बोलता मला नळाशी घेऊन गेला.
मग पत्र्याच्या डब्यातून काढले तांबूस खडे,
जुन्या गुळाच्या ढेपेचे असावेत तसे.
"मुर्र," म्हणाला.
चहाच्या पेल्यात, कोमट पाण्यात घोळवले,
फडकं बुडवून दाबून धरलं.
चुरचुरलं. डोळ्यांत पाणी आलं.
आणि तेवढ्यात वास आला,
कडू, धुरकट.
अरे, हा तर हिराबोळ!

ह्याच वासाच्या खोलीत, देवरुखला,
माझी मुलगी जन्मली.
सासूनं बोळ उगाळून रेवतीला चाटवला,
शेक-शेगडी केली, असं फोनवर कळलं.
मी इथंच होतो, ह्याच धक्क्यावर,
दुसऱ्याच कुणाच्या गलबताला फळ्या ठोकत.
रजा मिळाली पाच महिन्यांनी.
मुलगी माझ्याकडे येईना.
गोधडीला मात्र वास होता अजून;
झोपेचं सोंग घेऊन
नाक खुपसून पडलो होतो दुपारभर.

आता हे मीर दोस्तला कसं सांगायचं?
माझी हिंदी मोडकी, त्याची त्याहून.
"हमारे उधर... बच्चा," एवढंच म्हणालो
आणि हातांचा पाळणा करून दाखवला.
पाळण्यात रक्ताचं फडकं.

त्यानं तीन बोटं वर केली.
मग एक मिटलं.

भोंगा झाला.
पावसकर मुकादम लांबून ओरडला,
मेलास की काय रे, सुतारा?
मी उजव्या हातानं पटाशी उचलली.
डाव्याचा वास दिवसभर गेला नाही,
रात्री जेवताना
डाळीलासुद्धा तोच.