सोमवारचं धुणं

रविवारी समोरचे आम्हाला धुतात,
सोमवारी मी धुते.
चौदा जर्सी, चौदा चड्ड्या, मोज्यांचा एक ओला ढीग,
आणि खिडकीपलीकडे कँटीनमध्ये
मातेचं पाणी उकळण्याआधीच उकळलेलं भांडण.

आन्सेल्मो पिन्तोसला काढलं.
अकरा वर्षांनी, एका फोनवर,
तोही अध्यक्षांच्या मेव्हण्याने केलेला.
"बरं झालं," एलादिओ म्हणतो,
"तोच लांब बॉल, तीच हेडरची आशा,
संघ कसला, नुसता देवभरोसे कारभार."
खाटीकखाना बंद पडल्यापासून एलादिओचे हात रिकामे,
म्हणून तो टेबलावर मीठदाण्या मांडतो:
हा बचाव, ही मधली फळी, आणि हे बघा, इथे भोक.

वॉशिंग्टन फेरेइरा, औषधवाला, एक मीठदाणी उचलतो.
"भोक मैदानात नाही रे, तिजोरीत आहे.
मायकॉलला पोर्तुगालला विकला,
त्या पैशाचे स्टँडवर पत्रे आले.
आता गोल काय पत्रे मारणार?"
"पत्रे नसते तर काल भिजला असतास."
"भिजलो असतो. पण जिंकताना."

कुणी म्हणतं, नवा पोरगा हुशार आहे,
मोन्तेविदेओहून आलाय, पाठीवर लॅपटॉप,
कोण किती किलोमीटर धावला, सगळं त्याला दिसतं.
कुणी म्हणतं, धावतं तर माझं कुत्रंही.

मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं, चड्ड्या बघा.
एके काळी सात नंबरची उजवी बाजू
मांडीपासून कमरेपर्यंत लाल मातीने माखून यायची,
घासता घासता माझी बोटं सोलायची.
तीन नंबरच्या मोज्यात गवताची आख्खी पेंढी.
काल नव्याचा पहिला सामना. शून्य-तीन.
जर्सी आल्या त्या अशा,
जणू पोरं चर्चमध्ये पहिल्या प्रसादाला जाऊन आली.

पण खोटं कशाला बोलू?
डाग एप्रिलपासूनच कमी होत चालले होते.
आन्सेल्मो बाकाजवळून ओरडायचा ते शब्द
पोरांना पाठ झाले होते,
आणि पाठ झालेलं कोण ऐकतं?
मी पाहत होते. त्याला बोलले नाही.
रोज दारात थांबून तो विचारायचा,
"साबण पुरतोय ना, नेलिदा?"
अशा माणसाला कसं सांगायचं.

साडेअकराला तो मागच्या दाराने आला.
खुंटीवरचा रेनकोट घ्यायला, म्हणाला.
कोट घेतला, आणि खिडकीशी उभा राहिला.
पलीकडे त्याचंच नाव चाललं होतं:
एलादिओचं टेबल आता भरलं होतं,
मीठ संपलं म्हणून साखरेचं भांडं गोलकीपर.
मी नळ मोठा सोडला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.
त्याने हात पुढे करून तो बंद केला.

बराच वेळ तो बघत राहिला.
मग हळूच, मलाच सांगितल्यासारखं,
"ती डावीकडची मीठदाणी
दोन बोटं मागे हवी. तिथूनच गोल बसतायत."
आणि गेला. शिट्टी खुंटीवरच राहिली.

खिडकी उघडून मी एलादिओला म्हटलं,
डावीकडची दोन बोटं मागे घे.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"तुला काय कळतं फुटबॉलमधलं?" वॉशिंग्टन म्हणाला.
एलादिओने मात्र मीठदाणी सरकवली,
मान तिरकी केली,
आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

दुपारी नदीवरून वारा सुटला.
दोरीवर चौदा पोटं फुगली.
दहा नंबर आता गोदोयच्या धाकट्याला मिळणार,
त्याला ती गुडघ्यापर्यंत येईल,
खालून चार बोटं दुमडून शिवायला हवी.
उसवता येईल अशी शिवते. पोर आहे, वाढेल.

येत्या रविवारी पाऊस आहे म्हणतात.
साबणाची एक वडी
मी जास्तीची काढून ठेवली आहे.