गरज-तपासणी, सोहार

अर्ज सात पानी. टेबलावर मांडते
साधं भिंग, दिव्याचं भिंग, बोलणारा टॅब,
तिरपी फळी, जाड रेघांची वही.
बाहेर मे महिना, पांढराफटक.

मुहन्नाची मान डावीकडे कलते.
डोळ्याच्या कडेला त्याला अक्षर सापडतं,
खिशाच्या शिवणीत नाणं सापडावं तसं.
अठराचा टाइप : नाही. चोवीसचा : अडखळत.
छत्तीसला हसतो,
"हा अलिफ तर खजुराच्या झाडाएवढा!"

पडदा ओढला. चकाकी गेली, दोन ओळी जास्त वाचल्या.
पडद्याला यादीत क्रमांक नाही.

शेवटी अर्ज सारला बाजूला.
फळ्यावरचं कसं वाचतोस रे?
"हमदान सांगतो, कानात.
मधूनमधून खोटंही.
काल म्हणाला, लिहिलंय, उद्या बकऱ्यांना सुट्टी."

पेन अडलं. साधनाचं नाव?
किंमत, रियालमध्ये? देखभाल कोणाकडे?
लिहिलं : दुसरा बाक, हमदानशेजारी.
खोडणार होते,
राहू दिलं.

पण हमदान गुरुवारी बहुतेक येतच नाही,
बापाबरोबर होडीवर असतो.
म्हणून भिंगही लिहिलं.
दिव्याचं.