दहाला एक

जळालेल्या मोटारीची तार इथे चालत नाही.
तिचं एनॅमल गेलेलं असतं, वळसे एकमेकांना चिकटून
काळ्या गुळासारखे. ती भंगारात, किलोवर.
मी जपली ती नव्या रिळांची शेपटं,
चोवीस गेज, सव्वीस गेज,
पाच वर्षांत वाइंडिंगच्या दुकानात उरलेली,
कुणाच्याच बिलात न आलेली.

चाळीस धागे हँडड्रिलनं पिळले
सुतारगल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पोरं म्हणाली, "मावशी, दावं वळून राह्यली का वं?"
दावंच. पण प्रत्येक धागा आपापल्या लेपात वेगळा,
कारण इतक्या घाईनं उलटसुलट धावणारी वीज
तांब्याच्या पोटात शिरत नाही,
कातडीवरूनच जाते.
मग कातडी वाढवायची.

संत्र्याच्या बांधावर दोन कडुनिंब, मध्ये तीन बांबू.
तीस फूट उंच, एकशेतीस फूट लांब, उभी चौकट,
रोख सिरोंच्याकडे.
घोरमाडे पाहून गेले:
"हत्तीचे कपडे वाळू घालतं का वं?"

ट्रान्समीटरला समोर पन्नास ओहम लागतात,
नाही मिळाले तर ट्रान्झिस्टर फोडतो.
माझी एवढी थोरली चौकट म्हणजे अर्धा ओहम.
कपॅसिटरनं सुरात आणली तरी अर्धाच.
मध्ये कुणीतरी पाहिजे दोघांची बोली येणारं.
फेराइटचं कडं. त्यावर दहा वळसे ट्रान्समीटरचे,
आणि चौकटीचा...
चौकटीला वळसा घालावाच लागत नाही,
ती तार कड्यातून एकदाच आरपार जाते,
सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी.
दहाला एक. वर्ग केला की शंभराला एक.
आयटीआयच्या वहीत हे नव्हतं.
त्या वर्गात मी एकटीच मुलगी, मागच्या बाकावर,
आणि मास्तर मला रीळ धरायला सांगायचे.

शंभर वॅट आत. आभाळात चाळीस मिलीवॅट.
दोनदा हिशेब केला.
बाकीचा तारेला ताप, कपॅसिटरला ताप,
थोडा काळ्या मातीला, कडुनिंबाचाही वाटा.
ज्याला सांगितलं तो हसला. मीही हसले.
तरी लग्नाच्या डीजेपेक्षा लांब जातं.

पहाटे तीनला थ्री-फेजची पाळी संपते.
तोवर कानात नुसती खरखर, पंप, स्टार्टर, ऑटो,
त्यातले निम्मे माझ्या हातून बांधून गेलेले.
तक्रार कुणाकडे करू?
तीनला शिवार एकदम गप्प झालं.
टिटवी तेवढी.

एक टिंब तीन सेकंदांचं, एक रेघ नऊ.
सहा अक्षरांच्या नावाला पाच मिनिटं.
शाल पांघरून मी नाव सांगत बसले,
पुन्हा, पुन्हा,
मुक्या माणसाला हाक मारावी तशी सावकाश.
दंव पडलं, बांबू ओले झाले, सूर सरकला.
काटा उतरला. कपॅसिटरवर दोन हजार व्होल्ट,
म्हणून लांब काठीनं चकती केसभर फिरवली.
काटा आला. पुन्हा उतरला.
पानांवरचं पाणी आपलं काम करत होतं, मी माझं.

साडेसातला मडावी सरांचा निरोप,
तेंदूच्या गोदामामागं त्यांचा रिसीव्हर असतो:
"पहिली तीन अक्षरं नाही आली.
पुढची तीन आहेत, पुसट,
रांगोळीवरून कोणी चालून गेल्यावानी."
सोबत पडद्याचा फोटो. मी बोटानं मोठा केला.
हो. रेघ, टिंब, रेघ.
तिथवर मी गेले होते, अर्धी.

घोरमाडेंनी दारात मोटार आणून टाकली,
वास आला, वाइंडिंग गेलं.
"रात्री लाइन लय झटके मारत होती," म्हणाले
आणि बांधाकडं पाहिलं.
मी म्हटलं, उद्या देते.

कड्याला हात लावला. अजून कोमट.
दंवात अर्ध्या ओहमचा बहुतेक जरा जास्त होतो.
आज नऊ वळसे देऊन बघते.